डिमेन्शियाचं माणूस सांभाळताना मन खात असेल तर: ग्रुप थेरपीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू हरवत नेणारा आजार. त्याच्या रुग्णाचे घरचे लोक डॉक्टरांपुढे बसले की रुग्णाचंच सांगतात. रात्रभर झोपत नाहीत, जेवून उठले की जेवायला दिलंच नाही म्हणतात, सुनेनं पैसे चोरले असं गल्लीभर सांगत सुटतात. स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते निघतं उठताना, चप्पल घालता घालता. "परवा मी हात उचलला ओ त्यांच्यावर." किंवा, "कधी कधी वाटतं, सुटावं एकदाचं हे सगळं."

हा लेख त्या उठतानाच्या बोलण्याबद्दल आहे. मी सोलापुरात समुपदेशनाचं काम करते आणि काळजी घेणाऱ्या नातेवाइकांच्या गटांमध्ये बसते. ग्रुप थेरपी, म्हणजे गटात बसून बोलत घ्यायचा उपचार, कशी शोधायची, पहिल्या दिवशी काय होतं, पुढे काय करायचं असतं, हे क्रमानं सांगते. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते. गटात अपराधीपणाची फोड होते. त्यातला थोडा भाग खरा असतो आणि तो सुधारता येतो. उरलेला बराचसा भाग दुःखाचा असतो, आजाराचा असतो, घरातल्या इतरांचा असतो, आणि तो आपण मुकाट्यानं स्वतःच्या नावावर लिहून घेतलेला असतो. घरात एकट्यानं बसून ही फोड होत नाही.

तुम्ही एकटे नाही हे आकड्यानं सांगायचं तर, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. दर तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. आपल्याकडे यातले बहुतेक जण घरीच असतात, आणि त्यांच्यामागे घरातलं कुणीतरी एक माणूस दिवसरात्र उभं असतं. बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा बायको.

निदान पक्कं करून घ्या

गटात येण्याआधी एवढं एक काम झालेलं असावं. विसरणं म्हणजे दरवेळी डिमेन्शिया नव्हे. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूभोवती साचलेलं रक्त, अशा कारणांनीही माणूस विसरायला लागतो, आणि त्यांवर उपचार असतात. एक-दोन दिवसांत अचानक बडबड, भ्रम सुरू झाला तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा "म्हातारपण आहे" म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

अपराधीपणाशी याचा थेट संबंध आहे. "आम्ही उशिरा दाखवलं म्हणून एवढं वाढलं" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक गटात ऐकते. अल्झायमरवर, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारावर, आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधं काही काळ लक्षणं सौम्य करतात, आजार थांबवत नाहीत. सहा महिने आधी नेलं असतं तर घराची तयारी लवकर झाली असती, हे खरं. आजार टळला असता, हे खरं नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. त्यांना स्पष्ट विचारा: "आम्ही आधी आणलं असतं तर काय वेगळं झालं असतं?" उत्तर वहीत लिहून ठेवा, पुढे लागतं.

आपल्याला नेमकं काय खातंय ते ओळखा

स्पेनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली डिमेन्शियाच्या काळजीवाहकांच्या अपराधीपणासाठी खास एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात या भावनेचे पाच पदर सापडले. रुग्णाशी आपण वाईट वागलो, हा एक. आपण काळजी घेण्यात कमी पडतो, हा दुसरा. स्वतःसाठी वेळ काढला, हा तिसरा. मुलांकडे, नवऱ्याकडे, बाकीच्या घराकडे दुर्लक्ष झालं, हा चौथा. आणि पाचवा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही तो: इतरांविषयी मनात वाईट आलं. मदत न करणाऱ्या भावाचा राग आला, फिरायला निघालेल्या शेजारणीचा हेवा वाटला.

स्पेनमध्ये काढलेले हे पदर सोलापुरात जसेच्या तसे सापडतात, हे बघून मला दरवेळी नवल वाटतं. फक्त इथं तिसरा पदर फार जाड आहे. सासऱ्यांना घरी ठेवून मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेलेली बाई दुसऱ्या दिवशी सांगते ती गुन्हा कबूल केल्यासारखी. गड्ड्याच्या जत्रेत लेकराला पाळण्यात बसवायला नेलं, तर तेवढा दीड तास तिचा जीव घराकडे.

गटात यायच्या आधी या पाचांपैकी तुमचे कुठले ते बघा. एक किंवा पाचही. नीटनेटकं लिहायची गरज नाही.

कुणी आधी एकट्यानं डॉक्टरांना भेटावं

जगणं नकोसं वाटतंय, जीव द्यायचे विचार येतात, रुग्णाला काही करून बसू अशी भीती वाटते, किंवा झोप, भूक, काम सगळंच आठवडेच्या आठवडे विस्कटलंय, तर गटाची वाट बघू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञ. गट नंतर किंवा सोबत चालू शकतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. रात्री-अपरात्री फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांशी संबंधित अडचणींसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे.

गट शोधायचा कसा

सोलापुरात सुरुवात सिव्हिलपासून करा. म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तिथं मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढायचा तो रुग्णाच्या नावानं नाही, तुमच्या नावानं. हे आवर्जून सांगते, कारण लोक रुग्णाचा कागद पुढे करतात आणि स्वतः मागे उभे राहतात. केस तुमची आहे. समाजसेवा अधीक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ यांना विचारा: "डिमेन्शियाच्या नातेवाइकांसाठी गट चालतो का? नसेल तर माझं नाव लिहून ठेवाल का?" हाच प्रश्न रुग्णाच्या न्यूरॉलॉजिस्टला आणि शहरातल्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. चार-पाच घरांची नावं एका वहीत जमली की गट सुरू करायला समुपदेशकाला कारण मिळतं. बरेच गट असेच सुरू होतात.

1992 पासून काम करणाऱ्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा देशात ठिकठिकाणी आहेत, त्यांच्याकडे ऑनलाइन बैठकांची चौकशी करता येते. घर सोडताच येत नसेल त्यांना ऑनलाइन बरं पडतं. मात्र एक अट: बोलताना रुग्ण आणि बाकीचे घरचे त्याच खोलीत नकोत. सासूबाईंच्या शेजारी बसून सासूबाईंबद्दल कुणी खरं बोलत नाही.

चौकशी करताना मदतगट आणि उपचारगट यांतला फरक लक्षात असू द्या. मदतगटात काळजीवाहकच एकमेकांना भेटतात, कुणीही कधीही यावं, माहिती आणि आधार मिळतो. उपचारगट प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ चालवतो. सहा ते दहा माणसं, तीच माणसं दर आठवड्याला, दीड-दोन तास, साधारण आठ ते बारा आठवडे, आणि घरी करायचा सराव. दोन्ही चांगले. पण अपराधीपणानं पोखरलं असेल तर दुसरा गाठा. नुसती माहिती ऐकून मनावरचा ताण फारसा हलत नाही, स्वतः सराव केला तर हलतो, असं काळजीवाहकांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

जायची तयारी

इथंच निम्मे लोक अडकतात.

वेळ सकाळची मागा. डिमेन्शियात दिवस कलला की अनेकांची घालमेल वाढते, "मला घरी सोडा" सुरू होतं, ते स्वतःच्याच घरात असले तरी. तेव्हा संध्याकाळी पाचचा गट म्हणजे घरी सगळ्यात अवघड वेळेला दुसऱ्या कुणाला बसवणं. दुसरं, गटाचा वार ठरवताना पाण्याचा विषय काढा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्या समुपदेशकाला माहीत नसतं. पाणी यायच्या दिवशी घरातली बाई हलत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांना कारखान्यात विड्या जमा करायची वेळ असते, तीही सांगा. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, गटापायी ती बुडाली तर पुढच्या आठवड्याला त्या येणार नाहीत. मे महिन्यात दुपारी बारानंतर कुणालाच बोलावू नये. हे गट चालवणाऱ्यांनीही वाचावं.

रुग्णाजवळ कोण बसणार हे पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी ठरवा आणि त्या माणसाला एकदा तासभर बसवून बघा. त्याला लांबलचक सूचना देऊ नका. खायला काय द्यायचं, संडास-बाथरूमला कसं न्यायचं, सारखा एकच प्रश्न विचारला तर काय उत्तर द्यायचं, आणि तुमचा फोन नंबर, एवढं एका कागदावर बस्स.

घरी काय सांगायचं? "ग्रुप थेरपी" म्हटलं की काही घरांत "तुला काय वेड लागलंय का?" असं येतं. "नातेवाइकांना आजाराबद्दल शिकवतात, डॉक्टरांनी जायला सांगितलंय" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

पहिला दिवस

गोल मांडलेल्या खुर्च्या, पाण्याचा जग, अनोळखी चेहरे. एखादा फॉर्म भरून घेतील. बहुतेक वेळा झरिट यांची काळजीचा भार मोजणारी प्रश्नावली असते, 22 प्रश्नांची. त्यात पास-नापास नसतं. शेवटच्या बैठकीत पुन्हा भरून घेतात, म्हणजे काय हललं ते कळतं.

मग नियम. इथलं बोलणं इथंच राहील, हा पहिला. सोलापूर शहर मोठं असलं तरी पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. समोरच्या खुर्चीवर नणंदेच्या जावेची बहीण निघू शकते. तसं झालं तर बैठक सुटल्यावर लगेच गट चालवणाऱ्यांना सांगा, वार बदलून मिळतो. दुसरा नियम, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. तिसरा, बोलायचं नसेल तर "मी आज ऐकते" म्हटलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात. तुम्हाला रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोला. कुणीतरी शेजारचं सांगेल अर्थ. रुग्णाच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा: आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. आयुष्यभर बाजारात मराठी बोललेली, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरातली आजी एक दिवस फक्त तेलुगूत बोलायला लागते आणि मराठी शाळेत गेलेली नातवंडं बावरतात. "आजी आमच्याशी मुद्दाम बोलत नाही" असं वाटून घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

पहिल्या बैठकीत सहसा एकच गोष्ट घडते, पण ती मोठी असते. कुणीतरी धीर करून म्हणतं, "मला वाटतं त्यांनी लवकर जावं." आणि बाकीचे चमकत नाहीत. दोन-तीन माना हलतात. अर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी गटोपचारात माणसाला बरं करणाऱ्या ज्या गोष्टी मांडल्या, त्यांत "हे माझ्या एकट्याचं नाही" हे कळणं ही एक आहे. ते समजावून सांगून कळत नाही, त्या हललेल्या माना बघाव्या लागतात.

मधल्या बैठका: भाकरीचे वाटे

आता खरं काम. मला सगळ्यात उपयोगी वाटणारा सराव नीट सांगते. उदाहरणातले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

एक सून सांगत होती. पहाटे सासूबाई दार उघडून बाहेर पडल्या. तासाभरानं रिक्षावाल्यानं आणून सोडल्या, अनवाणी, पायाला काच लागलेली. "कडी मी लावली नव्हती. सगळं माझ्यामुळं झालं." फळ्यावर एक मोठी भाकरी काढली आणि तिला म्हटलं, या घटनेला जे जे कारणीभूत आहे त्याचा त्याचा वाटा पाडायचा, तुमचा वाटा सगळ्यात शेवटी.

ती गप्प. मग गटातूनच प्रश्न यायला लागले. त्या बाहेर का निघाल्या? लहानपणच्या घरी जायचं म्हणून. म्हणजे आजाराचा वाटा, आणि तो मोठा. दार उघडं का होतं? पहाटे पाणी आलं होतं, ती घागरी भरत आत-बाहेर करत होती. पाण्याचा वाटा. नवरा? टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला. ती झोपली किती होती? दोन तास, सासूबाई रात्रभर जाग्या. झोपेचा वाटा. पुण्यातले दीर? महिन्यातून एकदा फोन करतात. त्यांचाही वाटा, आणि तो पाडताना तिचा हात थरथरला, कारण "त्यांना कसं म्हणायचं?" कडी कुठं होती? हाताला येईल अशी, खाली. सगळे वाटे पाडून झाल्यावर तिच्या नावानं उरली चतकोर.

चतकोर उरली, म्हणजे पूर्ण सुटका झाली नाही. मला हा सराव आवडतो तो यासाठीच. त्या चतकोराचं काय करायचं, यावर मग बोलणं झालं. दाराला वर, नजरेच्या पलीकडे एक कडी. सासूबाईंच्या झंपरला आतून शिवलेला फोन नंबर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवणं. पाणी यायच्या पहाटे शेजारणीच्या मुलीला अर्धा तास बोलावणं. सगळी भाकरी आपली समजत होती तोवर तिला यातलं एकही सुचलं नव्हतं.

घरी करताना एकच पथ्य: स्वतःचा वाटा शेवटी. आधी पाडला तर सगळी भाकरी तिथंच संपते.

दुसरा सराव सोपा आहे. जे स्वतःला म्हणता तेच शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला म्हणून बघायचं. "तू कामचुकार आहेस, म्हणून त्यांना पाठीला जखम झाली." जीभ वळत नाही.

तिसरं काम दुःखाचं. पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञांनी 1970 च्या दशकापासून अशा वियोगावर काम केलं ज्यात माणूस देहानं समोर असतो आणि मनानं निघून गेलेला असतो. नवरा बाजूला बसलाय आणि विचारतोय, "तुम्ही कोण?" याचं सुतक कुणी पाळत नाही, भेटायला कुणी येत नाही. मग ते दुःख बाहेर पडायला दुसरी वाट शोधतं आणि "मीच कमी पडतेय" हे रूप घेतं. गटात त्यावर रडायला मुभा असते. या बैठकीनंतर दोन-चार दिवस जास्त जड जातं, ते अपेक्षित आहे, गट सोडू नका.

चौथं, मदत मागायची तालीम. गटातला कुणीतरी दीर होतो. "तुम्हाला काय, तुम्ही तिकडं मजेत" असं सुरू केलं की समोरून भांडण किंवा पैसे येतात. त्याऐवजी: "भाऊजी, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीनं या, रविवारी रात्री जा. तेवढे दोन दिवस आईंचं सगळं तुमच्याकडं." दिवस, वेळ, काम, तिन्ही ठरलेलं. नाही म्हणाले तर राग येऊ द्या, तो चुकीचा नाही. आणि मग पुढच्या माणसाला विचारा.

हात उचलला असेल, कोंडलं असेल, बांधलं असेल

हे पाप आहे की नाही यावर गट निवाडा देत नाही. पण "जाऊ द्या, सगळ्यांचं होतं" म्हणून ते धुऊनही टाकत नाही. हा त्या चतकोरातला, सुधारायचा भाग. नेमकं कधी होतं ते शोधायचं. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा आंघोळ, कपडे बदलणं किंवा रात्रीची तिसरी-चौथी जाग. आंघोळीची वेळ बदलता येते, रोजच्या ऐवजी एक दिवसाआड अंग पुसून घेता येतं. रुग्णाला सुरक्षित बसवून दोन मिनिटं खोलीबाहेर जाणं आधीच ठरवून ठेवता येतं. रात्रीच्या जागरणाबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर ते गट चालवणाऱ्यांना एकट्यात सांगा, उशीर करू नका. रुग्णाला इजा होण्याचा धोका असेल तर ते गोपनीयतेच्या नियमातून वगळतात, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं पाहिजे.

पुरुष काळजीवाहकांसाठी

बायकोला न्हाऊ-माखू घालणारे नवरे गटात येतात, पण बोलतात औषधांच्या डोसबद्दल. बोला, तिथूनच सुरू करा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तिची वेणी घालता येत नाही, म्हणून केस कापून टाकावे लागले, हे निघतं. त्यासाठी थांबावं लागतं.

गट बरा नाही हे कसं ओळखायचं

औषध, तेल, काढा विकायला सुरुवात झाली, तर उठा. "सेवा हेच पुण्य, तक्रार करू नये" असं प्रवचन होत असेल, तर उठा, कारण तेच ऐकून तुम्ही इथवर आलात. श्रद्धा असणं वेगळं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी अर्धा तास बसून बरं वाटत असेल, तर ते सरावाच्या वहीत लिहिण्यासारखंच आहे. दोघं-तिघंच दरवेळी बोलतात आणि चालवणारे अडवत नाहीत, तर एकदा सांगून बघा, फरक पडला नाही तर दुसरीकडे चौकशी करा. एका बैठकीवरून मात्र ठरवू नका. पहिली सगळ्यांनाच अवघडल्यासारखी जाते.

रुग्ण गेल्यानंतर

याबद्दल आधी कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. माणूस गेल्यावर पहिल्यांदा रात्रभर झोप लागते, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचाच अपराध वाटतो. सुटल्यासारखं वाटणं आणि दुःख होणं ही दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच दिवशी असतात. बरेच जण या टप्प्यावर "आता माझं काय काम" म्हणून गट सोडतात, आणि नेमकी तेव्हाच जास्त गरज असते. काही गट मृत्यूनंतरही दोन-तीन महिने येऊ देतात, काही वेगळी एकट्याची भेट देतात, काही थांबवतात. तुमच्या गटाचा नियम काय, हे पहिल्या चौकशीतच विचारून ठेवा. वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात ठेवायचा निर्णय झाला, तरी गटात येता येईल का, हेही त्याच वेळी विचारा.